गावातलं मधलं घर

माझं लग्न झालं तेव्हा हे नुकतेच बी.ए. झाले होते आणि मी मराठी सातवी. कापसाचे भाव कोसळले होते ती वर्षं. शिकलेली मुलं जिनिंग कारखान्यात कारकुनी मिळते का म्हणून हिंडत आणि तीही मिळत नसे. अशात यांच्या प्रोफेसरांनी यांना घरी बोलावलं आणि म्हणाले, "वाशीमकडचं एखादं गाव घ्या. वर्षभर तिथे राहा. घराघराची मिळकत किती, ते काढून आणा. ऐकीव नको, मोघम नको."

पगार बेताचाच होता, पण होता. मला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. सासू-सासरे नव्हते. दीर-जाऊ अकोल्याला दोन खोल्यांत, चार मुलांसह. म्हणून मीही निघाले. अकोल्याहून वाशीमपर्यंत मोटार, पुढे बैलबंडी. वाशीमहून शिरपूरकडे जाताना वाट सोडून आत जावं लागे. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आपल्या घरातल्या गोष्टी आम्हाला विश्वासाने सांगितल्या होत्या.

पाटलांनी मारुतीच्या देवळामागची एक खोली दिली. हे रोज सकाळी चावडीवर जाऊन बसत. माणसं येत, रामराम करत, तंबाखू मळत, पावसापाण्याचं बोलत. मिळकतीचं विचारलं की एकच उत्तर. "काय सांगाव साहेब, पोट भरते." देशमुखांच्या घरी दूधदुभतं, दारात घोडी, माणसं राबताहेत, तेही म्हणाले, "पोट भरते." शेतसारा वाढवायला आलेला माणूस आहे अशी गावाची समजूत होती आणि ती मोडायची कशी ते यांना कळेना. संध्याकाळी घरी आले की कंदिलाची काच पुसत बसत. 

मी पाण्याला विहिरीवर जायची. एक दिवस एका बाईने सरळच विचारलं. उंच, सावळी, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. आमच्या मागच्याच बोळात राहायची.

"तुमचे साहेब सारा वाढवाले आले का वो बाई?"

"नाही हो. नुसतं लिहून घ्यायला आलेत."

"लिहून काय करून राह्यले?"

मला सांगता येईना. हसू झालं. पण त्या रात्री जेवताना मी यांना तेच विचारलं आणि यांनी फार मनापासून समजावून सांगितलं. अजूनही ते शब्द मला तसेच्या तसे आठवतात.

"हे बघ, देशमुखांची मिळकत आणि त्यांच्या सालदार गड्याची मिळकत एकत्र केली आणि दोघांत वाटली, तर कागदावर दोघंही सुखी दिसतात. ती सरासरी. तिने फसायला होतं. सर म्हणतात, गावातली सगळी घरं मनातल्या मनात एका ओळीत उभी करायची. सगळ्यांत कमी मिळकतीचं या टोकाला, सगळ्यांत जास्तीचं त्या टोकाला. मग बरोबर मध्ये जाऊन उभं राहायचं. त्या मधल्या घरात वर्षाला काय येतं ते कळलं, की गावाचं काय चाललंय ते कळलं. आणि काही वर्षांनी पुन्हा येऊन मधलं घर पाहिलं, की गाव वर गेलं की खाली ते कळेल."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी हे सगळं त्या बाईला सांगितलं. तिने कळशी काठावर ठेवली आणि विचार केला.

"ओळ तं हाये ना लावलेली," ती म्हणाली.

"कोणी लावली?"

"पंचायनं. हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याले वर्गणी पडते. कोनाच्या घरून किती जवारी, किती तुरीची दाळ, सारं पंच ठरवते. तवा कोनी नाई म्हनत का पोट भरते. कमी लावली तं मानूस भांडाले उठते. मले काय भिकारी समजले का, म्हनते."

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा हे हातातलं ताट ठेवून उठलेच. पंचांकडे गेले. पंचांनाही यात गैर काही वाटलं नाही, कारण वर्गणी देवाची, सरकारची नाही. एका म्हाताऱ्याने सगळी घरं तोंडपाठ सांगितली. रात्री यांनी ओळ लावली आणि मधलं घर काढलं. ते निघालं एका बऱ्यापैकी शेतकऱ्याचं. बैलजोडी, गाय, सावकाराकडे जायची वेळ सहसा न येणारा माणूस. हे खूष झाले, आणि मग यादी पुन्हा वरपासून वाचू लागले.

"यात महारवाडा नाही," म्हणाले.

सकाळी मी त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "त्यायची वर्गणी कुठी घेतात? ते पंगतीले नसतात."

"पण गावातच राहतात ना?"

"गावाबाहेर राह्यतात."

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं आणि ती कळशीकडे बघत राहिली. त्याच दिवशी हे महारवाड्यात गेले. मागून मीही जाऊ लागले, बायकांशी बोलायला. तिथे आमच्यासाठी घोंगडी टाकत आणि फार कमी शब्दांत सांगत. मग देशमुख-पाटलांच्या गोठ्यांना लागून राहणारे सालदार, मग गावाच्या कडेला पालासारख्या झोपड्यांत राहणारी माणसं. वर्गणीत यांतलं कोणीच नव्हतं. जसजशी घरं ओळीत येत गेली तसतसं मधलं घर खाली सरकत गेलं, आणि शेवटी ते आमच्या मागच्या बोळात, त्या विहिरीवरच्या बाईच्याच दाराशी येऊन थांबलं.

हे तिला सांगितलं तेव्हा ती शेण थापत होती. ऐकून हात तसाच राहिला.

"मी मधात?"

"हो."

"अन् अर्धं गाव माह्या खाली?"

"हो."

"मी तं सोताले साऱ्यात खालची समजत होती वो."  मग म्हणाली, "मंग ते लोक काय खातात?"

मी ते नुकतंच पाहून आले होते. मी सांगितलं. तिने हात धुतले आणि आत गेली. पण नंतर मी महारवाड्यात निघाले की ती कधी दुरडीत आंबाडीची भाजी द्यायची, कधी थोडी तूर. "देऊन दे कोनाले बी," म्हणायची. स्वतः मात्र त्या पहिल्या वर्षी तिकडे आली नाही.

तिच्या घराची मिळकत काढायला आम्हाला फार दिवस लागले. नवरा अबोल. एकच बैल, दुसरा शेजाऱ्याचा, दोघं मिळून सावड करत. कापूस किती झाला, काय भावाने गेला, एवढं तो सांगे. बाकीचं तिच्याकडे. तिला महिने सांगता येत नसत, सण सांगता येत. पोळ्याला काय होतं घरात, दिवाळीला काय, अखजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला काय. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून आणलेली मजुरी ती मिळकत धरत नव्हती. तूप वाशीमच्या बाजारात विकायची, तेही धरत नव्हती. "ते तं मी करतो," म्हणे. तिकडच्या बायका करतो, जातो, येतो असंच बोलतात. मला आधी हसू यायचं आणि नंतर माझ्याही तोंडात बसलं. "तुम्ही करता तीच तर मिळकत," मी म्हणे. मग ती बोटांवर मोजायला लागे आणि मोजता मोजता तिलाच नवल वाटे.

भादव्यात आम्हा दोघांना एकदमच हिवताप आला. तोवर मी आपला स्वयंपाक आपण करत होते, सोवळ्याचे थोडेफार नियम सांभाळून. तापाने ते सगळं बाजूला सारलं. ती सकाळ-संध्याकाळ यायची. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, वर लसणाची फोडणी. मला उठवून बसवायची आणि "खाय माय, खाय," म्हणत भरवायची. वाशीमहून कोयनेलच्या गोळ्या तिच्याच नवऱ्याने चालत जाऊन आणल्या. ताप उतरल्यावर यांनी पैसे पुढे केले, ते तिने घेतले नाहीत. मग हे वही उघडून म्हणाले, "बरं, निदान लिहू तरी द्या. तुमच्या घरातून इतकं धान्य आमच्याकडे आलं, त्याची नोंद नको?"

"ते नका लिहू साहेब," ती म्हणाली. "पाहुन्याचं काय लिहता?"

यांनी वही मिटली. मी तेव्हा अशक्तपणाने भिंतीला टेकून बसले होते. त्या दोघांकडे पाहून मला वाटलं, मी फार भाग्यवान आहे.

वर्ष संपलं, आम्ही परतलो. यांचं काम प्रोफेसरांना आवडलं आणि त्यांनी यांना आपल्याकडेच ठेवून घेतलं. दुसरी गावं झाली. मी बहुतेक ठिकाणी बरोबर असे. मूल झालं नाही. त्याचं दुःख होतं, पण आमचे दिवस फार चांगले गेले. हे मला इंग्रजी आकडे, टक्केवारी, थोडं इंग्रजीही शिकवत. रात्री समोरासमोर बसून बेरजा करायचो आणि कोणाची आधी होते ते पाहायचो. यांची चुकली की हे पेन्सिल माझ्यापुढे टाकत.

लढाई सुरू झाली त्या सुमारास हे विषमज्वराने गेले. थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगता येत नाही. तीन आठवडे अंथरुणाला होते आणि एका दुपारी गेले.

मी दिरांकडे अकोल्याला गेले. ते मला कधी टाकून बोलले नाहीत. जावेने स्वतःचं अंथरूण मला दिलं. पण घरात खाणारी तोंडं मला दिसत होती, आणि मी सकाळी उठून भांडी घासायला बसायची ती दुपारपर्यंत हातात काही ना काही काम धरूनच असायची. रिकामं बसायची भीती वाटे.

दोन वर्षं अशी गेल्यावर एके दिवशी प्रोफेसरसाहेब आले. वय झालं होतं, जिना चढून दमले. पाणी प्यायल्यावर दिरांना म्हणाले, "त्या वाशीमकडच्या गावाची चौकशी पुन्हा करायची आहे. तेव्हाचं मधलं घर आणि आताचं. तुमच्या भावजयींना पाठवाल का?"

दीर गोंधळले. "एकट्या बाईने? आणि..." ते पुढचं बोलले नाहीत. माझ्या कपाळाकडे त्यांची नजर गेली होती.

"त्या गावाला माझ्याकडचं कोणी ओळखत असेल तर त्याच," प्रोफेसर म्हणाले. "पगार तोच, जो त्यांच्या यजमानांना होता."

दीर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

तेव्हा आतून जाऊ बाहेर आली. ती कधी पुरुषांत बोलत नसे. दाराची चौकट धरून म्हणाली, "लोक काय म्हणायचं ते म्हणतील. या दिवसभर भांडी घासतात, आहेत त्यापेक्षा जास्त. मला बघवत नाही. जाऊ द्या त्यांना."

त्या एका वाक्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.

गावात पोचले ती दुपारची वेळ. बंडी बोळाशी थांबली. ती दारातच होती, केस कानांवर पांढरे झालेले. मला पाहून पुढे आली आणि दोन पावलांवर थबकली. कपाळ पाहिलं. मग माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, आत नेलं, पाणी दिलं.

"कधी?" तिने मग विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"मले कोनी सांगलं नाई." ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. "लय चांगला मानूस होता. त्याले कण्या आवडत."

तिथे मी रडले. घरी दोन वर्षांत तशी रडले नव्हते. ती मला थोपटत राहिली आणि मधूनमधून स्वतःचे डोळे पदराने पुसत राहिली.

राहायला तिने मला आपल्याच ओसरीवर जागा केली. तिच्याकडे आता स्वतःची बैलजोडी होती. तुरीने त्यांना हात दिला होता. घर ओळीत वर सरकलं होतं, हे मला दारात पाऊल टाकतानाच दिसलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चावडीवर गेलो. जुने पाटील नव्हते, त्यांचा मुलगा होता. तो वाईट माणूस नव्हता, पण म्हणाला, "आता गावची चौकशी बाई करनार?"

 तीच म्हणाली, "मागच्या बारीले बी बाईनंच केली होती. साहेब लिहत होते."

सगळे हसले, पाटीलही हसला. त्या हसण्यात माझं काम सुरू झालं. ती पहिले काही दिवस माझ्यासोबत घरोघर फिरली. "सांगा वो, आपलीच हाये," असं म्हणून दारातून मागे फिरायची. आणि या वेळी ती महारवाड्यातही माझ्याबरोबर आली, बसली, बोलली. 

लढाईचे दिवस होते. रुपये पूर्वीपेक्षा जास्त दिसत होते. पण धोतरजोडा मिळत नव्हता, रॉकेलसाठी रांगा, ज्वारीचे भाव चढलेले. मी रुपयांशेजारी ज्वारीही लिहीत गेले: या घराच्या मिळकतीत तेव्हा किती ज्वारी आली असती, आता किती येईल. हे यांनीच मला एका पावसाळ्यात शिकवलं होतं. तसं पाहिलं तर गाव फारसं वर गेलं नव्हतं. काही घरं गेली होती, काही घसरली होती, आणि बरीच तिथल्या तिथे होती.

ओळ पूर्ण लागली तेव्हा मधलं घर निघालं महारवाड्यात. माणूस अकोला स्टेशनाकडच्या गँगमध्ये रुळांच्या कामाला होता, पंधरवड्याने घरी येई. त्याच्या आधीच्या पिढीत त्या घराची मिळकत म्हणजे बलुतं आणि पडेल ते काम. आता महिन्याला पगार होता. त्याची बायको तरतरीत, बोलकी. मी विचारेन ते एका दमात सांगून मोकळी झाली. "महिन्याचा पगार हाये, त्यात लपवाचं काय?" म्हणाली. मग मी वही मिटत होते तर म्हणाली, "आता तुमी सांगा."

"काय?"

"तुमाले किती भेटतात?"

इतक्या वर्षांत, इतक्या घरांत, हे मला कोणी विचारलं नव्हतं. यांनाही नाही. मी आकडा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा माझी स्वतःची मिळकत मी तोंडाने बोलले.  ती आपली मनात हिशेब करत होती.

"घरात किती मानसं?"

"मी एकटीच."

"मंग तुमी आमच्याहून बऱ्या," ती म्हणाली, अगदी साधेपणाने, आणि चुलीकडे वळून चहा ठेवला. गुळाचा होता. माझी मैत्रीणही तिथेच बसली होती. तिघींनी तो चहा घेतला. माझी मैत्रीण कप हातात घेऊन क्षणभर थांबली होती, हे मी पाहिलं. मग तिने घोट घेतला आणि म्हणाली, "गूळ चांगला हाये. कुठून आनला?" त्यावर दोघींचं गुळावर बराच वेळ बोलणं झालं.

मी परत अकोल्याला गेले ती पगार घेऊन. दिरांच्या हातात माझा वाटा दिला. त्यांनी आधी नको म्हटलं, मग घेतला. जावेला मी एक पातळ आणलं होतं, त्या दिवसांत मिळालं तसं, जरा जाडंभरडंच. ती ते सणासुदीला नेसत असे.

प्रोफेसरसाहेबांनी मला पुढे ठेवून घेतलं. नंतरची बरीच वर्षं मी वऱ्हाडातल्या गावांतून हेच काम करत फिरले, त्यावर जगले, आणि चांगली जगले. एक सवय मात्र त्या गुळाच्या चहापासून लागली. कोणाच्या घरी मिळकत विचारायला बसले, की आधी माझी सांगायची. मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यात एका म्हातारीला मी अशीच आधी माझी सांगितली, तर तिने माझ्या पातळाकडे पाहिलं, पायांतल्या झिजलेल्या वहाणांकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "भागते का त्यात, माय?"

"भागतं," मी म्हटलं.

मग ती सरकून जवळ बसली आणि आपल्या घराचं सांगू लागली.